स्कोअर कोण मागतंय, ते आधी विचारा

परदेशात शिकायला किंवा नोकरीला जाताना द्याव्या लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षांबद्दल वाचकांनी पाठवलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रं भरपूर आली. बऱ्याच पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या वेशात भेटला, ती एकत्र केली आहेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत. कुणाला किती मिळाले ही ज्याची त्याची खासगी बाब. मी या परीक्षांची तयारी करून घेते, एखादी परीक्षा विकत नाही. त्यामुळे उत्तरं जरा फटकळ वाटली तर चालवून घ्या.

प्रश्न : मला परदेशात एम.एस. करायचं आहे. आयएल्ट्स, टोफेल, पीटीई, ड्युओलिंगो यांत सगळ्यात सोपी कुठली? मित्र म्हणतो पीटीई, क्लासवाले म्हणतात आयएल्ट्स.
— अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी

क्लासवाले जी शिकवतात ती त्यांना सोपी, आणि मित्र जी पास झाला ती त्याला. (या परीक्षांत पास-नापास असं काही नसतं, पण बोलताना सगळे पासच म्हणतात.) तू उलट्या टोकाकडून सुरुवात केली आहेस. आधी विद्यापीठं ठरव, मग प्रत्येकाच्या संकेतस्थळावर प्रवेशाच्या अटींत इंग्रजीबद्दलचं पान शोध. त्यावर कुठल्या परीक्षा चालतात हे तर असतंच, पण खाली बारीक अक्षरात प्रत्येक कौशल्यात (लिसनिंग, रीडिंग, रायटिंग, स्पीकिंग) किमान किती हवेत हेही असतं. मुलं नेमकं तिथेच फसतात. आयएल्ट्सचे गुण 9 पैकी असतात, त्यांना बँड म्हणतात. 'एकूण 6.5, कुठेही 6 पेक्षा कमी नको' अशी अट असेल, तर एकूण 7 आणि रायटिंगमध्ये 5.5 असलेल्या मुलाचा अर्ज बाजूला पडतो. त्याच्यापेक्षा एकूणात कमी, पण सगळीकडे सहाच्या वर असलेला आत जातो.

दुसरं म्हणजे विद्यापीठ आणि व्हिसा ही दोन वेगळी दारं आहेत. ड्युओलिंगोची परीक्षा घरी बसून तासाभरात होते, 160 पैकी गुण मिळतात आणि बरीच विद्यापीठं ती घेतात. पण ऑस्ट्रेलियाचा व्हिसा, कॅनडाची पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) किंवा ब्रिटनच्या व्हिसासाठी मान्यताप्राप्त 'सिक्युअर' परीक्षा मागितली असेल, तर तिथे ड्युओलिंगो चालत नाही. विद्यापीठ हो म्हणालं म्हणून व्हिसावाले हो म्हणतीलच असं नाही. दोन्हीकडे विचार आणि उत्तर लेखी घे. फोनवर कुणी सांगितलं, या वाक्याला पुढे कुणी विचारत नाही.

एवढं झालं की तुझ्या यादीत दोन, फार तर तीन परीक्षा उरतील. आता स्वभाव बघ. आयएल्ट्सचं स्पीकिंग माणसाशी असतं, 11 ते 14 मिनिटं. पीटीई आणि टोफेलमध्ये माइकशी बोलायचं असतं, आणि त्याच खोलीत बाकीचेही त्याच वेळी आपापल्या माइकशी बोलत असतात. काही जण परीक्षकाचा चेहरा बघून गारठतात, तर काहींना समोर मान डोलावणारं कुणी नसेल तर बोलायलाच सुचत नाही. तू कुठल्या जातकुळीतला, हे एखादी सराव परीक्षा दिलीस की कळेल.

टोफेलचा विचार करत असशील तर जुनी पुस्तकं बाजूला ठेव. जानेवारी 2026 पासून तिचा साचाच बदलला. रीडिंग आणि लिसनिंगमध्ये पहिल्या टप्प्यात तू कसं करतोस त्यावर पुढचा टप्पा सोपा की अवघड ते ठरतं, आणि गुण 1 ते 6 या पट्टीवर येतात. अजून कितीतरी विद्यापीठांच्या पानांवर 120 पैकीचा जुना आकडा आहे, म्हणून सध्या निकालपत्रावर तोही दिला जातो.

प्रश्न : आयएल्ट्स ॲकॅडेमिकमध्ये मला 7.5 मिळाले आहेत. कॅनडाच्या पीआरसाठी हाच निकाल जोडू ना?
— एक अकाउंटंट

नका जोडू, चालणार नाही. एक्स्प्रेस एंट्रीला, म्हणजे कॅनडाच्या पीआरसाठी कुशल लोक ज्या मार्गाने अर्ज करतात त्याला, आयएल्ट्सची जनरल ट्रेनिंग लागते. नाहीतर सेल्पिप जनरल किंवा 2024 पासून मान्य झालेली पीटीई कोअर. पीटीई ॲकॅडेमिक ही वेगळी परीक्षा आहे, तीही इथे चालत नाही. एकाच दुकानातल्या दोन वेगळ्या मालांना इतकी सारखी नावं देणाऱ्यांना मी काही बक्षीस देणार नाही, पण अर्ज भरताना डोळे उघडे ठेवायचं काम आपलंच आहे.

शिवाय कॅनडाला एकूण बँडशी देणंघेणं नाही. तिथे चारही कौशल्यांचं वेगवेगळं सीएलबी पातळीत (कॅनडाची भाषा मोजायची स्वतःची पट्टी) रूपांतर होतं. बहुतेकांना हवी असते ती सीएलबी 9, म्हणजे लिसनिंगला 8 आणि बाकी तिन्हींत 7. जनरलचं रीडिंग वाचायला सोपं असतं खरं, पण म्हणून गुण सैल हाताने मिळत नाहीत. ॲकॅडेमिकला 40 पैकी साधारण 30 बरोबर आले की 7 चा बँड मिळतो, जनरलला त्यासाठी 34 च्या आसपास लागतात. निकाल प्रोफाइल तयार करताना तर वैध हवाच, पुढे प्रत्यक्ष अर्ज करायच्या दिवशीही तो दोन वर्षांच्या आतला हवा. आमंत्रण येईपर्यंत थांबावं लागतं, तेव्हा हा हिशेब आधीच करून ठेवा.

प्रश्न : ताई, मी आयसीयूमध्ये परिचारिका आहे. ब्रिटनमधल्या नोकरीसाठी आयएल्ट्स देते आहे. बाकी तिन्हींत 7 किंवा वर येतात, रायटिंग मात्र 6 वर अडलंय. 'सरकारने कलेवर खर्च करावा का' असले विषय आले की डोकं रिकामं होतं. मैत्रीण म्हणते ओईटी दे. ती खरंच सोपी आहे का?
— रात्रपाळीला कंटाळलेली एक वाचक

सोपी नाही. तुमच्या रोजच्या कामाच्या जवळची आहे, आणि तुमच्यासारख्या बाईला तेवढं पुरेसं ठरू शकतं.

आधी अट नीट बघू. ब्रिटनची नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल, म्हणजे एनएमसी, आयएल्ट्स ॲकॅडेमिकमध्ये रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंगला 7 आणि रायटिंगला 6.5 मागते. रायटिंगलाही 7 लागतात असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ती जुनी गोष्ट झाली. म्हणजे तुम्ही फक्त अर्ध्या बँडवर अडल्या आहात. दुसरं, एनएमसी बारा महिन्यांच्या आतल्या दोन परीक्षांचे निकाल जोडून घेते. अट एवढीच की दोन्हींपैकी कुठल्याही परीक्षेत रायटिंग 6 च्या आणि बाकीची तीन 6.5 च्या खाली जाता कामा नयेत. तुम्ही त्यात बसता. पुढच्या वेळी रायटिंगला 6.5 आले आणि लिसनिंग 6.5 वर घसरलं, तरी दोन निकाल मिळून काम होतं. हे ठाऊक असलं की परीक्षेच्या दिवशी छातीवरचा दगड निम्मा हलका होतो.

आता ओईटी. ही परीक्षा ऑस्ट्रेलियात आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी तयार झाली आणि आज ती 12 व्यवसायांसाठी घेतली जाते. रीडिंग-लिसनिंग सगळ्यांना सारखं, रायटिंग आणि स्पीकिंग मात्र तुमच्या व्यवसायाचं. एनएमसीला रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंग या तिन्हींत बी म्हणजे 500 पैकी 350 हवेत, आणि रायटिंगला सी प्लस म्हणजे 300.

रायटिंगला निबंध नसतोच. रुग्णाच्या नोंदी देतात आणि पत्र लिहायला सांगतात. वेळ 45 मिनिटं, त्यातली पहिली पाच फक्त वाचायची, पेन उचलायचं नाही. समजा नोंदींत असं आहे : 70 वर्षांच्या बाई, गुडघ्याची शस्त्रक्रिया, चौथ्या दिवशी जखमेभोवती लाली, प्रतिजैविक सुरू, आता ताप नाही. मधुमेह, गोळ्या सुरू. वीस वर्षांपूर्वी अपेंडिक्स काढलं. मुलगी परगावी, घरी एकट्या. बागकामाची आवड. जिना चढताना भीती वाटते. उद्या घरी सोडणार. पत्र लिहायचं आहे घरी जाऊन ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिकेला.

इथे माझ्याकडच्या परिचारिका हमखास काय करतात? सगळं लिहितात! नोंदवहीत एकही ओळ गाळायची नाही ही शिस्त अंगात इतकी भिनलेली असते की अपेंडिक्स पहिल्याच परिच्छेदात येऊन बसतं. पण पत्र वाचणाऱ्या बाईला काय हवंय? जखमेवर लक्ष ठेवायचं आहे, ती कशी होती आणि आता कशी आहे, औषध किती दिवस चालू ठेवायचं, मधुमेह आहे त्यामुळे जखम भरायला वेळ लागू शकतो, आणि बाई एकट्या राहतात, जिन्याला घाबरतात. बागकाम गाळा. अपेंडिक्स तर गाळाच. पत्र 180 ते 200 शब्दांत बसायला हवं, आणि ते का लिहिलं आहे हे पहिल्या दोन ओळींतच कळलं पाहिजे. हेतू, मजकूर, नेमकेपणा, शैली, मांडणी आणि भाषा अशा सहा निकषांवर ते तपासतात. भाषा हा त्यातला एकच.

स्पीकिंगला दोन प्रसंग येतात, प्रत्येकी पाचेक मिनिटांचे. समोरचा रुग्ण किंवा नातेवाईक होतो, तुम्ही परिचारिका. तयारीला दोन-तीन मिनिटं मिळतात. मोठमोठे वैद्यकीय शब्द फेकून इथे काही मिळत नाही, उलट जातं. इंजेक्शनला नाही म्हणणाऱ्या माणसाला तुम्ही आधी 'कशाची भीती वाटते' असं विचारता, की थेट माहिती द्यायला लागता? रुग्णाचं ऐकून घेणं, त्याला किती कळलं ते तपासणं, याला वेगळे गुण आहेत.

माझं मत विचाराल तर : आयएल्ट्सची तारीख घेतलेली असेल तर एकदा 6.5 साठी नेटाने प्रयत्न करा, निकाल जोडायची सोय हाताशी आहेच. पण निबंधाच्या विषयांनीच पोटात गोळा येत असेल, तर ओईटीकडे वळा आणि वळलात की पुन्हा मागे बघू नका. दोन्हींचा अभ्यास एकदम करणाऱ्या मुली दोन्हीकडे अडकलेल्या मी बघते. आणि हो, भाषेच्या परीक्षेवरून एनएमसीची अट पूर्ण झाली की ब्रिटनच्या नोकरीच्या व्हिसासाठी इंग्रजीचा वेगळा पुरावा द्यावा लागत नाही. एजंट तिसरी परीक्षा सुचवत असेल तर का ते विचारा.

(एका डॉक्टर वाचकांनी हाच प्रश्न स्वतःसाठी विचारला आहे. त्यांच्या जनरल मेडिकल कौन्सिलची अट कडक आहे : आयएल्ट्सला एकूण 7.5 आणि कुठेही 7 पेक्षा कमी नाही, किंवा ओईटीत चारही ठिकाणी बी.)

प्रश्न : क्लासमध्ये निबंधाचे साचे पाठ करून घेतले आहेत. कुठलाही विषय आला तरी बसतात. तरी आयएल्ट्सच्या रायटिंगला दर वेळी 6 च. परीक्षक मुद्दाम कमी देतात का?
— बी.कॉम. झालेली विद्यार्थिनी

मुद्दाम नाही. कुठलाही विषय आला तरी बसतात, हेच त्या साच्यांचं दुखणं आहे.

'इन दिस मॉडर्न एरा, इट इज अ हायली डिबेटेबल इश्यू...' इथून तुझा निबंध सुरू होतो ना? पत्रासोबत पाठवलेल्या दोन्ही निबंधांत होतो. एक शहरातल्या गाड्यांवरचा आहे आणि दुसरा मुलांच्या गृहपाठावरचा. एक प्रयोग कर. प्रश्न झाक आणि फक्त पहिला परिच्छेद मैत्रिणीला वाचायला दे. विषय काय होता ते तिला सांगता आलं नाही, तर त्या परिच्छेदातले चाळीस शब्द तू फुकट खर्च केलेस. परीक्षक अशी वाक्यं दिवसभर वाचत असतो. पाठ केलेला मजकूर ओळखायचं त्याला प्रशिक्षण असतं आणि तो वजा करूनच तो तुझी भाषा मोजतो.

तपासणी चार निकषांवर होते, चौघांचं वजन सारखं : प्रश्नाला उत्तर दिलंस का, मांडणी, शब्दसंपदा, व्याकरण. गाड्यांच्या निबंधात प्रश्न होता 'शहराच्या मध्यभागी खासगी गाड्यांना बंदी असावी, याच्याशी तुम्ही कितपत सहमत आहात?' तू गाड्यांचे फायदे लिहिलेस, तोटे लिहिलेस आणि शेवटी 'दोन्ही बाजू महत्त्वाच्या' म्हणून सुटलीस. कितपत सहमत, ते राहिलंच. बंदीबद्दल तर एक वाक्य आहे. व्याकरण तुझं चांगलं आहे, त्यात 7 मिळतील इतकं नीट लिहितेस. अडतंय ते पहिल्याच निकषावर. 'बंदी हवी, पण आधी बस वाढवा, नाहीतर रुग्ण आणि म्हातारी माणसं अडकतील' एवढं साधं एक मत धरून शेवटपर्यंत चालली असतीस तर हाच निबंध वर गेला असता. मत कुठलं यावर गुण नसतात, ते शेवटपर्यंत टिकलं का यावर असतात.

दर वाक्याच्या तोंडावर 'मोरओव्हर', 'फरदरमोर' लावणं बंद कर. विचार जोडलेले असले की ते शब्द क्वचितच लागतात. दुसऱ्या टास्कला पहिल्याच्या दुप्पट वजन आहे, तेव्हा आलेख वर्णन करण्यात अर्धा तास घालवू नकोस. पहिल्याला वीस मिनिटं, दुसऱ्याला चाळीस. 250 शब्द पूर्ण होऊ देत, पण 400 लिहिल्याबद्दल कुणी जास्त देत नाही, फक्त चुकांना जागा वाढते.

तू गोल करण्याबद्दलही विचारलं आहेस. चारही बँडची सरासरी काढतात. 7, 6.5, 6, 5.5 यांची 6.25 येते, ती वर जाऊन 6.5 होते. पण 6.5, 6, 6, 6 ची 6.125 येते आणि ती खाली 6 वर बसते. एकूण बँड वाढवायची घाई असेल तर कधीकधी रायटिंगशी झुंजण्यापेक्षा लिसनिंगमधली चार उत्तरं वाढवणं स्वस्त पडतं. मात्र किमान बँडची अट रायटिंगलाही असेल तर सुटका नाही.

प्रश्न : आयएल्ट्सच्या लिसनिंगमध्ये ऑडिओ एकदाच ऐकवतात. मला इंग्रजी सिनेमे सबटायटलशिवाय कळतात, तरी 40 पैकी 25-26 च्या वर जात नाही. उच्चार वेगळे असतात म्हणून का?
— सॉफ्टवेअर क्षेत्रातला वाचक

तुम्हाला उच्चार कळतायत, नाहीतर 26 सुद्धा आले नसते. तुम्ही फार लवकर लिहिताय. या परीक्षेतली माणसं बोलता बोलता मन बदलतात, आणि ते मुद्दाम घातलेलं असतं. फोनवर खोली आरक्षित करणारा म्हणतो, 'चौदा तारखेपासून हवी.' तुम्ही 14 लिहिता. पलीकडची बाई म्हणते, 'चौदाला आमच्याकडे लग्न आहे, सगळं भरलंय.' तो म्हणतो, 'मग सोळा करा... नको, सोळाला मी पोचणारच नाही, सतरा ठेवा.' तुम्ही तोवर पुढच्या रिकाम्या जागेत आडनावाचं स्पेलिंग ऐकायला गेलेले असता. सिनेमात असा एखादा आकडा निसटला तरी गोष्ट कळते. इथे तो आकडाच उत्तर असतो.

म्हणून पेन्सिल टेकवा, पण त्या माणसाचा विषय बदलेपर्यंत सोडू नका. मधल्या शांततेत पुढचे प्रश्न वाचून कुठे आकडा येणार, कुठे नाव, कुठे वस्तू, याचा अंदाज बांधा. स्पेलिंग चुकलं की उत्तर चूक, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंग चालतात. 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' म्हटलं असताना तीन लिहिले तर बरोबर उत्तरही गेलं. चुकीला वजा गुण नाहीत, त्यामुळे एकही जागा कोरी सोडू नका. कागदी परीक्षेत उत्तरं उतरवायला शेवटी दहा मिनिटं मिळतात, संगणकावर फक्त दोन, तीही तपासायला. सराव ज्या पद्धतीने केलात त्याच पद्धतीने परीक्षा द्या.

प्रश्न : माझी मुलगी इंग्रजी फाडफाड बोलते, ऑफिसात परदेशी लोकांशी रोज बोलणं असतं. पीटीईत तिला स्पीकिंगलाच सगळ्यात कमी मिळाले. यंत्र चुकलं असेल का? तिला ऑस्ट्रेलियाच्या पीआरसाठी अर्ज करायचा आहे, सगळीकडे 65 लागतात असं ऐकलं.
— एक काळजीत पडलेली आई

फाडफाड बोलते, तिथेच पाणी मुरतंय. पीटीईत बोलण्याचे गुण मुख्यतः संगणक देतो आणि तो ओघ नि उच्चार मोजतो. वेगाला त्याच्या लेखी काही किंमत नाही. घाईत शब्दांचे शेवट गिळले, मधेच थांबून वाक्य पुन्हा सुरू केलं, की ओघ गेला. माणूस समोर असता तर हसून समजून घेतो. आणि तीन सेकंद गप्प राहिलं की माइक बंद होतो, मग आठवलेलं वाक्य घशातच राहतं. तिला बातमी वाचणाऱ्या निवेदिकेसारखं, सलग आणि ठरावीक वेगात वाचून रेकॉर्ड करायला सांगा. चूक झाली तरी मागे फिरायचं नाही, पुढे जायचं. माइक तोंडाच्या अगदी समोर आला की श्वासाचा आवाज रेकॉर्ड होतो, तो थोडा खाली ठेवायचा.

65 चा आकडा मात्र विसरा. 7 ऑगस्ट 2025 पासून दिलेल्या परीक्षांसाठी ऑस्ट्रेलियाने प्रत्येक कौशल्याचा वेगळा आकडा ठरवला. आयएल्ट्सच्या 7 च्या तोडीच्या पातळीसाठी पीटीईत आता लिसनिंगला 58, रीडिंगला 59, रायटिंगला 69 आणि स्पीकिंगला 76 लागतात. बघितलंत ना, ऐकण्या-वाचण्यात सूट मिळाली आणि बोलण्यात चाप बसला. तुमच्या मुलीला नेमका तोच बसणार. हे आकडे तिच्यासमोर ठेवा आणि आयएल्ट्सच्या स्पीकिंगची एक सराव मुलाखत देऊन बघायला सांगा. माणसाशी बोलण्याची सवय असलेल्यांना तो रस्ता जवळचा ठरू शकतो.

प्रश्न : एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात, परीक्षेला न बसताच खरा स्कोअर मिळवून देतो, संगणकावर दिसेल सुद्धा. निम्मे पैसे आधी, निम्मे नंतर. घरचे म्हणतात विचारून तर बघ.
— नाव नको

विचारूही नका.

2014 मध्ये ब्रिटनमध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमाने छुप्या कॅमेऱ्याने दाखवलं, की व्हिसासाठीच्या टोइक परीक्षेला मूळ विद्यार्थी बाजूला उभे आणि त्यांच्या जागी दुसरीच माणसं बसलेली. पुढे त्या काळातल्या 58 हजारांहून जास्त निकालांची तपासणी झाली. त्यातले 58 टक्के अवैध ठरवले गेले आणि आणखी 39 टक्के संशयास्पद. हजारोंचे व्हिसा गेले. त्यांत स्वतः प्रामाणिकपणे परीक्षा दिलेलेही सापडले, आणि निर्दोष आहोत हे सिद्ध करण्यात त्यांची वर्षं गेली. खोटं न करणाऱ्यांची ही गत, तर करणाऱ्यांनी कुठे जायचं?

आता तर परीक्षेच्या दिवशी फोटो काढतात, स्पीकिंगचं रेकॉर्डिंग ठेवतात, आणि विद्यापीठ निकाल थेट परीक्षा घेणाऱ्यांकडून पडताळून घेतं. तुमच्या हातातल्या कागदाकडे कुणी बघतच नाही. फसवणूक सापडली तर ब्रिटनची दारं दहा वर्षांपर्यंत बंद होऊ शकतात, कॅनडाची पाच वर्षं. 'निम्मे नंतर' म्हणणाऱ्या गृहस्थांच्या हातात तोवर तुमच्या पासपोर्टची प्रत असेल, तेही लक्षात घ्या. घरच्यांना हे उत्तर मोठ्याने वाचून दाखवा.

प्रश्न : मी 57 वर्षांची आहे. यजमान ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत, मला त्यांच्याकडे जायचं आहे. माझं शिक्षण मातृभाषेतून आणि तेही दहावीपर्यंत. आयएल्ट्सची पुस्तकं मुलाने आणून दिली, एक पान कळत नाही. आता जमायचं नाही असं वाटतं.
— एक गृहिणी

ती पुस्तकं मुलाला परत द्या. त्याने प्रेमाने आणली, पण ती तुमच्या परीक्षेची नाहीत.

जोडीदाराच्या व्हिसासाठी पहिल्या वेळी लागते ती ए1, सगळ्यात खालची पायरी. तिच्यासाठी आयएल्ट्सचीच 'लाइफ स्किल्स' नावाची वेगळी परीक्षा आहे. वाचायचं नाही, लिहायचं नाही. फक्त ऐकायचं आणि बोलायचं, तेही वीस मिनिटांच्या आत. खोलीत परीक्षक असतात आणि तुमच्यासारखाच आणखी एक उमेदवार. नाव, घर, घरातली माणसं, रोजचं काम, आवडीनिवडी, खरेदी असे विषय. थोडा वेळ तुम्ही दोघांनी एकमेकांना विचारायचं-सांगायचं असतं. बँड नाही, उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढंच. (इथे मात्र पास हा शब्द बरोबर आहे.) ट्रिनिटी कॉलेजची याच पायरीची परीक्षाही चालते, तिथे तुम्ही आणि परीक्षक दोघंच असता.

समोरचा काय म्हणाला ते कळलं नाही तर इंग्रजीतून 'पुन्हा सांगा' म्हणायला शिका. ते म्हणता येणं हीसुद्धा भाषाच आहे. गप्प बसून मान हलवणं मात्र गुण घालवतं. मुलाला रोज संध्याकाळी दहा मिनिटं इंग्रजीत प्रश्न विचारायला सांगा, आणि तुम्हीही त्याला विचारा, कारण प्रश्न विचारायची वेळ येतेच आणि बायका तिथेच अडखळतात. पुढे तिथे गेल्यावर अडीच वर्षांनी मुदतवाढीला ए2 आणि कायमच्या वास्तव्याला बी1 लागते. ते तेव्हा बघू, तोवर कान तयार झालेले असतील. 65 वर्षांवरच्यांना ही अट नाही, पण त्यासाठी थांबू नका.

थोडक्यात उत्तरं

*निकाल दोनच वर्षं का चालतो, दोन वर्षांत मी इंग्रजी विसरणार का?* — विसरणार नाही, पण वापर नसला की गंज चढतो असं मानून विद्यापीठं दोन वर्षांची मर्यादा धरतात. ऑस्ट्रेलिया कुशल कामगारांच्या बऱ्याच व्हिसांना तीन वर्षं धरतो. केंब्रिजच्या सी1 ॲडव्हान्स्ड आणि सी2 प्रोफिशियन्सी या प्रमाणपत्रांना मुदतच नसते. त्यातली दुसरी 1913 साली सुरू झाली, पहिल्या वर्षी तीन जण बसले आणि तिघेही नापास. तुमचा 6.5 तसा बरा आहे!

*आयएल्ट्सच्या स्पीकिंगमध्ये बोलायचा विषय देतात त्या क्यू कार्डवर 'तुम्ही केलेला अविस्मरणीय प्रवास' आला आणि मी प्रवासच केला नसेल तर?* — रचून सांगा. परीक्षक तिकीट मागत नाहीत. पण एक मिनिटाच्या तयारीत अख्खा प्रवास रचणं जड जातं, त्यापेक्षा दुसऱ्याने सांगितलेला प्रवास स्वतःच्या नावावर खपवा.

*एकाच कौशल्यात कमी पडलो तर सगळी परीक्षा पुन्हा द्यायची?* — आयएल्ट्स संगणकावर दिली असेल तर 'वन स्किल रीटेक'ची सोय आहे, मूळ परीक्षेपासून 60 दिवसांच्या आत आणि एकदाच. मात्र असा निकाल सगळीकडे स्वीकारत नाहीत, तेव्हा पैसे भरण्याआधी विचारा. रायटिंग किंवा स्पीकिंगचे गुण खरंच अनपेक्षित कमी वाटत असतील तर सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते, गुण बदलले तर फी परत मिळते. लिसनिंग-रीडिंगसाठी त्या फंदात पडू नका, तिथे क्वचितच काही हलतं.

*नोंदणी केल्यानंतर पासपोर्टचं नूतनीकरण झालं, नवा नंबर आला. जुना घेऊन जाऊ का?* — नको. नोंदणीत जो नंबर आहे तोच पासपोर्ट दारात बघतात आणि तो वैध असावा लागतो. आजच केंद्राला ईमेल करा, नव्या पासपोर्टची प्रत जोडा आणि नंबर बदलल्याचं त्यांचं उत्तर आल्याशिवाय गप्प बसू नका. परीक्षेच्या सकाळी गेटवर हे सांगणाऱ्यांना आत सोडत नाहीत आणि फीही परत मिळत नाही.